अँड्रॉइड सोडून भाच्याचा आयफोन घेऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगावचा, आमचं बेदाण्याचं अडतीचं काम आहे. माझा फोन अँड्रॉइड 10 वर अडकलाय, अपडेट यायचं कधीच बंद झालंय आणि आता बँकेचं ॲपपण कुरकुर करायला लागलंय. भाचा पुण्यात असतो, तो नवीन फोन घेतोय आणि त्याचा आयफोन 13 मला स्वस्तात देतो म्हणतोय. घरातले सगळे घेच म्हणत्यात. पण व्हॉट्सॲपवर कैक वर्षांचे भाव, पावत्या, मालाचे फोटो पडलेत, सिम दोन आहेत, आणि सौद्याचं बोलणं फोनमध्ये आपोआप रेकॉर्ड होतं ते मला वेळेला लागतं. घेऊ का नको?

उत्तर : दादा, फोन चांगलाच आहे, त्यात वाद नाही. आयफोन 13 सप्टेंबर 2021 चा, तरी तुमच्या आत्ताच्या फोनपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण फोन चांगला आहे का हा प्रश्नच नाही, तुमचा धंदा त्याच्यावर चालेल का हा आहे, आणि तिथं माझं घोडं रेकॉर्डिंगवर अडतंय.

व्हॉट्सॲपचं आधी सांगते, कारण धास्ती त्याचीच जास्त दिसतीय. 2022 पर्यंत अँड्रॉइडवरनं आयफोनवर चॅट न्यायची सरळ सोय नव्हती म्हणून लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय की सगळं जातं. आता जात नाही. जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप टाकायचं, दोन्ही फोन चार्जिंगला लावायचे, वायफाय एकच ठेवायचं, आयफोनवर कोड येतो तो इकडं टाकायचा आणि यादीतनं व्हॉट्सॲप निवडायचं, नंबर मात्र तोच पाहिजे. गोम अशी की हे आयफोनचं पहिलं सेटिंग करतानाच करायचं असतं. हौसेनं आधी फोन चालू करून वापरायला लागलात आणि मग चॅट आठवले तर सगळा पुसून परत पहिल्यापासनं. आणि गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उतरत नाही, त्याच्या भरवशावर जुना फोन कुणाला देऊन टाकू नका!

सिमचं असं, त्या फोनमध्ये साधं सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच चालणारं सिम, करून घ्यावं लागेल, जिओ, एअरटेल, व्हीआय तिन्हीकडं होतं. पण ऐन सौद्याच्या दिवशी फोन बंद पडला तर ई-सिम काढून पोराच्या फोनमध्ये घालता येत नाही, म्हणून बँकेचा नंबर साध्या सिमवरच राहू द्या. गुगल पे, फोनपे चालतातच, फक्त नंबर परत पडताळावा लागतो आणि नव्या फोनवर सुरवातीला पैसे पाठवायची मर्यादा कमी असते. शेतकऱ्यांची पेमेंट त्या दोन-चार दिवसांत ठेवू नका.

आता रेकॉर्डिंग. आयफोनवर ते बरीच वर्षं नव्हतंच, ऑक्टोबर 2024 मध्ये आयओएस 18.1 या आयफोनच्या अपडेटबरोबर आलं. पण आपोआप होत नाही, प्रत्येक कॉलला बटण दाबायचं आणि दाबलं की दोन्हीकडं आवाज जातो की कॉल रेकॉर्ड होतोय. समोरच्याला कळावं हे मला स्वतःला बरोबरच वाटतं, पण तुम्ही ते व्यापाऱ्याच्या कानानं ऐका, दर फुटायच्या बेताला आलाय, तुम्ही बटण दाबलं, तिकडं मशीन बोललं, आणि माणूस ‘नंतर बोलतो’ म्हणून फोन ठेवतो. दुसरं एखादं ॲप टाकून अँड्रॉइडसारखं गुपचूप होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आयफोन बाहेरच्या ॲपला कॉलला हात लावू देत नाही. तोंडी सौद्यावर एवढी भिस्त असेल तर ही अडचण रोजची आहे, सवयीनं जाणारी नाही.

म्हणून माझं मत, धंद्याचा एकुलता एक फोन म्हणून तो घेऊ नका. अपडेट हीच तक्रार असेल तर ती अँड्रॉइडमध्येच मिटते, आता कंपन्या वर्षं सांगून विकतात, सॅमसंगनं गॅलेक्सी एस24 ला 7 वर्षं आणि त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तातल्या ए16 5जी ला 6 वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. दुकानात रॅम आणि कॅमेरा विचारायच्या आधी हे विचारा, आणि रेकॉर्डिंग कसं होतं ते तिथंच एक कॉल लावून बघा कारण काही अँड्रॉइडमध्येपण तो आवाज जातो. दोन सिम तशीच बसतील, व्हॉट्सॲपचा बॅकअपपण ड्राइव्हवरनं सरळ उतरेल.

तरी भाच्याचा घ्यायचाच ठरला, वहिनींसाठी म्हणा किंवा घरात दुसरा फोन म्हणून, तर तो पुण्याहून निघायच्या आधी त्याच्याकडनं त्याचं ॲपल खातं त्यातनं काढून घ्या आणि फोन पूर्ण पुसून घ्या, नाहीतर इथं आल्यावर त्याचा पासवर्ड मागत बसेल. पुसायच्या आधी सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा बघायला सांगा, 80 टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतनं वजा करा, भाचा असला तरी.

आणि कुठलाही घेतला तरी अदलाबदल दिवाळीला सौदे बंद असतात तेव्हा करा. जुनी रेकॉर्डिंग आधी गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर उतरवा, ती व्हॉट्सॲपबरोबर येत नाहीत, आणि दोन-चार वाजवून बघितल्याशिवाय जुना फोन पुसू नका. तोवर बँकेचं काम त्या जुन्या फोनवर जेवढं कमी करता येईल तेवढं करा.