डेबियन की मिंट ते नंतर, आधी टोकन लावून बघा

विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, जुना डेस्कटॉप ११ घेत नाही, म्हणून लिनक्स टाकायचं आणि त्याच मशीनवरून रिटर्नवर डिजिटल सही करायची. तुमचं हे वाचलं आणि आमचंच ऑफिस आठवलं. पेन ड्राइव्ह कसा बनवायचा वगैरे सोडून देतो, ते जमेल तुम्हाला.

आम्हाला नडलं ते टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट असलेलं यूएसबी उपकरण. जिथून घेतलं त्या कार्यालयाने 'लिनक्सवर चालतं की' म्हणून छातीठोक सांगितलं होतं. एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) मारलं की टोकन दिसायचं, पीसीएससीडी (टोकन वाचणारी सेवा) चालू, पण सहीच्या खिडकीत सर्टिफिकेटची यादी कोरी. ड्रायव्हरचं पॅकेज कुठल्याशा जुन्या उबुंटूसाठी (लिनक्सचा एक प्रकार) केलेलं, तेही ३२ बिटचं. फोन केला तर 'रिस्टार्ट करा', मग 'मेल टाका', आणि मेलला उत्तर काय, तर 'विंडोज वापरा'. मुदतीचा दिवस, क्लायंट समोर बसलेला! पैसे घेताना बरं चालत होतं यांचं लिनक्स. शेवटी शेजारच्या ऑफिसात जाऊन सही केली. हल्ली व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) एक विंडोज ठेवलंय, सहीपुरतं टोकन त्याला जोडतो.

तेव्हा काहीही इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह पेन ड्राइव्हवर (त्यावरूनच लिनक्स चालतं, मशीनवर टाकावं लागत नाही) टोकन आणि प्रिंटर दोन्ही चालवून बघा. जुन्या लेझर प्रिंटरवर तर अजिबात भरवसा ठेवू नका.

आता निवड. डेबियन, मिंट, फेडोरा हे सगळे लिनक्सचेच प्रकार. मी काही संगणकतज्ज्ञ नाही, पटलं तर घ्या. ऑफिसला डेबियन. १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतात, डोक्यावर मालक कंपनी नाही. मालक कंपनी असली की काय होतं बघा: रेड हॅट कंपनीच्या हातातल्या सेंटॉस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार या भरवशावर लोक होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ते २०२१ अखेर बंद म्हणून जाहीर केलं. डेबियनची एक आवृत्ती एलटीएस (नंतरचा वाढीव सपोर्ट) धरून पाचेक वर्षं निघते. वायफायची जुनी रडकथाही बरीच संपली, कारण डेबियन १२ पासून फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना चालायला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच असतं. फेडोरा चांगलं आहे, पण प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच. ऑफिसात एवढी उठाठेव कोण करणार? मिंट नवख्या माणसाला सोपं जातं. ते उबुंटूवर उभं असतं. उबुंटू नको असेल तर थेट डेबियनवर उभं असलेलं मिंट, म्हणजे एलएमडीई घ्या.

जाता जाता: मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली पत्रं मात्र विंडोज आहे तोवर पीडीएफ करून ठेवा, नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.