ह्यूगो थ्रोसेल : गव्हाच्या रानातून गॅलिपोलीला

प्रश्न : मुलाकडे कॅनबेराला गेलो होतो, तेव्हा तिथलं युद्धस्मारक पाहिलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचं शौर्याचं सर्वोच्च पदक, त्याच्या दालनात ह्यूगो थ्रोसेल हे नाव वाचलं. मुलगा म्हणाला, हा मूळचा शेतकरी. मीही शेतकरी आणि माजी सैनिक. या माणसाची शेती कसली होती, तो लढाईत कसा गेला आणि परत येऊन त्याने पुन्हा नांगर धरला का? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : तुमचा तिसरा प्रश्न फार कोणी विचारत नाही. पदकाची गोष्ट सांगून लोक थांबतात. मी शेतीपासून सुरू करतो.

ह्यूगोचा जन्म 1884 चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थम गावचा. घर खाऊनपिऊन सुखी होतं. वडील जॉर्ज थ्रोसेल मोठे दुकानदार, शिवाय 1901 मध्ये काही महिने त्या राज्याचे प्रीमियर. म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्रीच. पोराला शिकायला थेट ॲडलेडला पाठवलं होतं. शाळा सुटल्यावर तो उत्तरेकडे गुरांच्या मोठमोठ्या रानांवर राबला आणि मग थोरला भाऊ रिक याच्यासोबत काउकाउइंग इथे गव्हाची शेती करू लागला.

काउकाउइंग म्हणजे खाऱ्या तळ्यांचा सपाट मुलूख. वर्षाचा पाऊस तीन-सव्वातीनशे मिलिमीटर, तोही त्यांच्या हिवाळ्यात, मे ते ऑक्टोबर. तेवढ्यावर गहू काढायचा. माण-खटावच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. 1914 साली पाऊस दडी मारून बसला आणि त्या सगळ्या पट्ट्यातलं पीक गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. ऑक्टोबरमध्ये दहावी लाइट हॉर्स ही घोडदळाची रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा दोघे भाऊ भरती झाले. देशप्रेम होतंच, साहसाची हौसही असेल. पण रान करपलेलं असताना घोड्यावर बसता येणाऱ्या माणसाला पगारी नोकरी मिळत होती, ही गोष्ट चरित्रं लिहिणारे एका ओळीत उरकतात ते मला पटत नाही. आपल्याकडे अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून माणसं पलटणीत का जात होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीचा डोंगर घोड्यांच्या कामाचा नव्हता. घोडे इजिप्तमध्येच राहिले आणि घोडदळ पायदळ म्हणून लढलं. ह्यूगो तिथे पोहोचला 4 ऑगस्ट 1915 ला. तिसऱ्याच दिवशी पहाटे ‘नेक’ नावाच्या चिंचोळ्या डोंगरधारेवरून हल्ल्याचा हुकूम आला. दीडदीडशेच्या चार रांगा, बंदुका रिकाम्या, फक्त संगिनी. समोर तुर्की मशीनगन. पहिली रांग कापली गेलेली दिसत असताना दुसरी सोडली, मग तिसरी. ह्यूगो चौथीत होता. जमिनीच्या एका खोलगट भागाचा आडोसा मिळाला म्हणून वाचला. सहाशेपैकी 234 गेले. त्या हल्ल्याला तो पुढे मूर्खपणाच म्हणत आला, आणि मला वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या विचारांचं बी त्या सकाळी पडलं.

पदक मिळालं ते त्याच महिन्याच्या शेवटी, हिल 60 वर, 29 आणि 30 ऑगस्टच्या रात्री. (त्या टेकडीवरच्या हल्ल्यांची सूत्रं जनरल कॉक्स यांच्याकडे होती. ते मूळचे हिंदी फौजेतले, 29 व्या हिंदी ब्रिगेडचे प्रमुख. गॅलिपोलीत गुरखे होते, शीख होते, पाणी आणि दारूगोळा वाहणारे हिंदी खेचरवाले होते. मराठा पलटणी त्या वर्षी मेसोपोटेमियात होत्या, कूटच्या वेढ्यात सापडल्या त्या त्याच.) तुर्कांचा लांब खंदक अर्धा घेतला होता, अर्धा त्यांच्याकडेच होता. मध्ये वाळूच्या पोत्यांचा बांध. माणसं पोती रचत असताना ह्यूगोने बंदूक घेऊन एकट्याने वाट अडवली आणि पाच जणांना टिपलं. मग रात्रभर हातबॉम्ब. वात जळत असलेला तुर्की बॉम्ब खंदकात पडला की उचलायचा आणि आला तिकडे परत भिरकावायचा. त्या एका रात्रीत तीन हजारांवर बॉम्ब इकडून तिकडे गेले. मान-खांद्यात तुकडे घुसले तरी जागा सोडली नाही. पट्ट्या बांधून घेतल्या आणि पुन्हा खंदकात गेला. शेवटी डॉक्टरने हुकूम काढून त्याला बाहेर काढलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या लाइट हॉर्सला मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा एवढाच.

लंडनच्या इस्पितळात मेंदूज्वराने त्याला गाठलं. तिथेच त्याची ओळख पत्रकार कॅथरीन सुझॅना प्रिचर्डशी झाली. ती पुढे ऑस्ट्रेलियाची नामवंत कादंबरीकार झाली. बरा होऊन 1917 मध्ये तो पुन्हा आपल्या रेजिमेंटकडे गेला. एप्रिलमध्ये गाझाच्या दुसऱ्या लढाईत तो जखमी झाला आणि रिक बेपत्ता. त्या रात्री तो गोळ्यांखाली सरपटत प्रेतं धुंडाळत होता. लहानपणी दोघे भाऊ एकमेकांना घालायचे तीच शीळ घालत. रिक सापडला नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. नाही, काउकाउइंगला तो परत गेला नाही. 1919 मध्ये कॅथरीनशी लग्न करून पर्थजवळच्या ग्रीनमाउंटला राहिला. त्याच वर्षी जुलैत नॉर्थममध्ये शांतता-दिनाचा सोहळा झाला. प्रीमियरचा मुलगा, गावचा वीर, घोड्यावरून मिरवणुकीच्या पुढे. भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, युद्धाने मला समाजवादी केलं. सभा गार पडली. ज्यांनी कौतुकाने बोलावलं होतं त्यांतले पुष्कळ जण नंतर दूर राहिले.

परतलेल्या सैनिकांना जमिनी देणाऱ्या सरकारी मंडळावर तो सैनिकांचा प्रतिनिधी होता. जमिनीची दलाली केली, सोनं शोधायलाही गेला. मंदी आली तसं कर्ज वाढत गेलं. 1933 मध्ये ग्रीनमाउंटला रोडिओ, म्हणजे उधळ्या घोड्यांचे खेळ, भरवून पैसे उभे करायचं ठरवलं. गर्दी जमली, पण रविवार असल्यामुळे कायद्याने तिकीट लावता येईना. झोळी फिरवावी लागली, आणि खर्चसुद्धा निघाला नाही. एकदा तर पदक गहाण ठेवायला गेला, सावकाराने दहा शिलिंग सांगितले.

त्या नोव्हेंबरच्या 19 तारखेला त्याने आयुष्य संपवलं. कॅथरीन तेव्हा परदेशात होती. आपण गेलो तर बायको-मुलाला युद्धाची पेन्शन तरी मिळेल, असा त्याचा हिशेब होता. त्याला युद्धाने मारलं असं तिकडे म्हणतात. खोटं नाही ते. पण एका घराच्या डोक्यावरचं कर्ज त्यात अर्ध्याचं वाटेकरी होतं, असं मी म्हणेन. विदर्भ-मराठवाड्यातल्या बातम्या वाचणाऱ्याला हा हिशेब ओळखीचा वाटेल.

प्रश्न : मग ते पदक स्मारकात आलं कसं? (तेच वाचक)

उत्तर : मुलाने दिलं, पण स्मारकाला नव्हे. ह्यूगोचा मुलगा, त्याचंही नाव काकावरून रिक, परराष्ट्र खात्यात अधिकारी होता. 1980 च्या दशकात त्याने ते अण्वस्त्रविरोधी चळवळीला देऊन टाकलं, विकून पैसा उभा करा म्हणून. माजी सैनिकांच्या संघटनेने ते विकत घेतलं आणि कॅनबेराच्या स्मारकाला भेट दिलं. म्हणजे चळवळीला पैसे मिळाले आणि पदकही देशातच राहिलं. पुढच्या खेपेला पर्थकडे जाणं झालं तर ग्रीनमाउंटचं त्यांचं घर बघा. कॅथरीन 1969 पर्यंत तिथेच राहिली, आता तिथे लेखकांचं केंद्र आहे.