आवृत्ती म्हणायचं की पुनर्मुद्रण?

प्रश्न : माझ्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, एकीवर 'तिसरी आवृत्ती' आणि दुसरीवर 'सातवी आवृत्ती' असं छापलंय, पण आत काडीचाही फरक नाही, अगदी तीच शुद्धलेखनाची चूक त्याच पानावर त्याच ओळीत. मग आवृत्ती म्हणजे नक्की काय? नुसतं परत छापलं तरी आवृत्तीच का?

उत्तर : तुम्ही चूक शोधलीत हे बेस्ट केलंत, कारण तीच खरी परीक्षा आहे. चूक जागच्या जागी आहे म्हणजे मजकूर परत लावलेला नाही, जुनीच पानं पुन्हा मशीनवर चढवलीत, आणि याला पुनर्मुद्रण म्हणतात. आवृत्ती बदलली म्हणायला आत काहीतरी बदलायला हवं, म्हणजे प्रकरण वाढलं, आकडेवारी नवी घातली, लेखकानं मजकुरावरून पुन्हा हात फिरवला, असं काहीतरी. दोनचार टायपो काढले म्हणून कोणी नवी आवृत्ती म्हणत नाही, निदान म्हणू नये.

पण हा गोंधळ सगळा प्रकाशकांच्या लबाडीतून आलाय असंही नाही हं. खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवून छपाई व्हायची तेव्हा एक फॉर्म, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा गठ्ठा, छापून झाला की खिळे सोडवून परत खिळ्यांच्या पेटीतल्या आपापल्या खणात टाकायचे, कारण पुढच्या फॉर्मला तेच खिळे लागायचे, अख्ख्या पुस्तकाचे खिळे बांधून ठेवणं सहसा कोणाला परवडायचं नाही. त्यामुळे प्रती संपल्या आणि पुन्हा काढायच्या ठरल्या की पहिल्या पानापासून परत जुळणी, परत प्रुफं, आणि नव्या जुळणीत जुन्या चुका जायच्या नि नव्या यायच्या. म्हणजे लेखकानं एक अक्षर बदललं नसलं तरी पुस्तक खरोखरच नव्यानं घडायचं, त्याला दुसरी आवृत्ती म्हणणं अगदी रास्त होतं. जुन्या पुस्तकांचे अभ्यासक अजूनही हाच हिशोब लावतात, एका जुळणीवरून निघालेल्या सगळ्या प्रती मिळून एक आवृत्ती, आणि त्यातल्या एका खेपेला छापलेल्या प्रती म्हणजे एक मुद्रण.

मग जुळलेल्या पानाचा साचा घेऊन त्याची अख्खी प्लेट ओतायची पद्धत आली, पुढे ऑफसेट आलं, आता तर पीडीएफ फाइल कॉम्प्युटरवर पडून असते आणि हवं तेव्हा पन्नास प्रती काढता येतात. काम बदललं पण शब्द तोच राहिला. आणि तो राहण्यात फायदाही आहेच, जाहिरातीत 'सातवी आवृत्ती' जेवढं भारदस्त वाटतं तेवढं 'सहावं पुनर्मुद्रण' वाटत नाही, खरं की नाही? शिवाय आवृत्ती किती प्रतींची हे त्या शब्दात कुठेच नसतं. तीनशे-तीनशेच्या सात 'आवृत्त्या' काढणारा पाच हजारांची एकच काढणाऱ्यापेक्षा लोकप्रिय दिसतो, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

प्रश्न : पुस्तक न वाचता हे ओळखायचं कसं?

उत्तर : नावाच्या पानामागे कॉपीराइटचं पान असतं ते बघा. नीट काम करणारा प्रकाशक तिथे ओळीनं लिहितो, पहिली आवृत्ती अमुक साली, पुनर्मुद्रण तमुक साली, दुसरी सुधारित आवृत्ती अमक्या साली. 'सुधारित' किंवा 'विस्तारित' शब्द असेल तर दुसऱ्या आवृत्तीची वेगळी प्रस्तावना आहे का ते शोधा, काय बदललं हे लेखक बहुतेक वेळा तिथे सांगतोच. तीही नसेल तर जुनी प्रत मिळवून पानांची संख्या नि अनुक्रमणिका ताडून बघायची.

इंग्रजी पुस्तकांत त्याच पानावर कधीकधी दहापासून एकपर्यंत आकड्यांची ओळ असते, ती प्रिंटिंगची चूक नाहीये. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण ते. दुसऱ्या खेपेला प्लेटवरचा १ तेवढा खरवडून टाकला की झालं, नवी प्लेट करायची गरज नाही.

आयएसबीएनवरूनही, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-नंबरावरूनही कळतं. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच नंबर चालतो, किंमत वाढवली तरी चालतो, पण मजकुरात मोठा बदल असेल तर नवा घ्यावा लागतो. फक्त एक लक्षात ठेवा, कापडी बांधणी, पेपरबॅक, ई-बुक यांनाही वेगवेगळे नंबर असतात आणि १ जानेवारी २००७ पासून दहा आकड्यांचा नंबर तेरा आकडी झाला, त्यामुळे नंबर वेगळा दिसला म्हणजे मजकूर बदललाच असं नाही.

प्रश्न : प्रबंधात संदर्भ देताना आवृत्ती लिहायलाच पाहिजे का, नुसतं पुस्तकाचं नाव नि साल पुरत नाही का?

उत्तर : लिहाच. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ साली आलं आणि त्याच्या हयातीत सहा आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक वेळी तो मजकुरात बदल करत गेला. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे जे शब्द सगळे त्याच्या नावावर सांगतात ते हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचे, आणि डार्विनच्या पुस्तकात ते आले १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. आता तळटीपेत १८५९ टाकलंत तर परीक्षक पहिली आवृत्ती उघडून बसेल आणि त्याला ते सापडणारच नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचंही तसंच, १८३१ ची पहिली आणि १८५७ ची सुधारून वाढवलेली दुसरी, यातली कुठली पाहिली ते सांगितल्याशिवाय 'मोल्सवर्थमध्ये हा शब्द नाही' या विधानाला काही अर्थ नाही. पुनर्मुद्रणाचं साल मात्र नाही दिलं तरी सहसा बिघडत नाही, पानं तीच असतात.

प्रश्न : पेपरवाले रोजच 'शहर आवृत्ती' म्हणतात, मोबाइलवर ॲपची 'नवी आवृत्ती' येते, आणि आमच्या घरी मला बाबांची दुसरी आवृत्ती म्हणतात! सगळीकडे हाच शब्द बरोबर आहे का?

उत्तर : हो, सगळीकडे चालतो. पेपरात एकाच दिवसाच्या अंकाची वेगवेगळ्या भागांसाठी किंवा वेगवेगळ्या वेळी काढलेली रूपं म्हणजे आवृत्त्या, लांब जायची ती आधी छापतात, म्हणून रात्री उशिरा संपलेल्या मॅचचा निकाल एकीत असतो नि दुसरीत नसतो. ॲपच्या बाबतीत बोलताना सगळे व्हर्जनच म्हणतात, लिहिताना आवृत्ती. मासिकाच्या दर महिन्याच्या प्रतीला मात्र आवृत्ती म्हणू नका, तो अंक.

आणि बाबांचं म्हणाल तर घरच्यांना विचारून घ्या, सुधारित आवृत्ती म्हणतायत की नुसतं पुनर्मुद्रण.