इंटर्नशिप कुठे करू असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. मुंबईतल्या दोन मोठ्या लॉ फर्म, दिल्लीचे एक ज्येष्ठ वकील (सिनियर काउन्सेल) आणि एक ऑनलाइन इंटर्नशिप असे पर्याय पाठवलेस आणि विचारलंस की मॅडम, यातलं सीव्हीवर काय चांगलं दिसेल. सीव्हीचं नंतर बघू गं. तू लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहेस आणि अजून एकाही चालू केसची फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली नाहीस, म्हणून माझं स्पष्ट मत सांगते, यंदाची सुट्टी आपल्या नाशिकच्या जिल्हा कोर्टातच काढ. फर्मचं चौथ्या-पाचव्या वर्षी बघ, तेव्हा तुला तिथे काय विचारायचं तेही कळलेलं असेल.

बार कौन्सिलचे २००८ चे नियम तुला माहीत असतीलच, पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप, तीन वर्षांच्या कोर्सला १२, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. खरी अडचण इथेच आहे, कारण केस काही चार आठवड्यांत संपत नाही. महिनाभरात एका केसची फार तर एक तारीख तुझ्या वाट्याला येते, त्या दिवशी साक्षीदार येत नाही किंवा समोरचे वकील मुदत मागतात, आणि मग मुलं घरी जाऊन सांगतात की कोर्टात काही होतच नाही नुसत्या तारखा पडतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात ज्यांच्याकडे काम करशील त्यांना विचारून दोन फाइली निवड, एक दिवाणी आणि एक फौजदारी. दोन्हींचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेव, ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख दिसते, चार आठवडे संपले तरी त्या तारखांना येऊन मागच्या बाकावर बसत जा. तुमच्या मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या खोट्या कोर्टाच्या, पेपरला तसंही एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून लिहायला ३० मार्क आहेतच. ते एकमेकांच्या डायऱ्या बघून शेवटच्या रात्री लिहायचे की खरंच बघून लिहायचे, ते तुझ्यावर आहे. पण उलटतपास नुसता वाचून कळत नाही. साक्षीदार कुठल्या प्रश्नाला अडखळला आणि वकिलांनी तिथेच थांबून पुढचा प्रश्न का टाळला, हे समोर बसूनच कळतं.

फाइल हातात आली की आधी रोजनामा वाच. कुठल्या तारखेला काय झालं, कोण गैरहजर होतं, अर्ज कधी आला, केस का रखडली, सगळं त्यात सापडतं. मग दावा, मग कैफियत, म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, मग निशाणी ५, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा तूर्तातूर्त (निकाल लागेपर्यंतच्या) मनाईचा अर्ज, आणि मग कोर्टाने काढलेले मुद्दे. समजा निफाडकडच्या द्राक्षबागेच्या वाटपाचा दावा आहे आणि बहीण हिस्सा मागतेय. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा खटल्यातला २०२० चा निकाल तुला पाठ असेल, लगेच म्हणशील मुलीला मुलाइतकाच हक्क. बरोबर आहे. पण सातबारावर तिचं नाव लागलं होतं का, लागलं असेल तर कुठल्या फेरफाराने (हक्क बदलल्याच्या नोंदीने) कमी झालं, तिने हक्कसोडपत्र करून दिलं का, ते रजिस्टर झालंय की तलाठ्याकडे नुसती सही घेतली, हे कागदावर बघितल्याशिवाय तो निकाल कुठे आणि कसा लावायचा हे तुला ठरवता येणार नाही. एक फेरफार उतारा नीट वाचायला शिकलीस तरी माझ्या दृष्टीने तो महिना कारणी लागला.

दुसरं, आठवड्यातला एक दिवस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला दे, आणि यात मला तडजोड नकोय. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीतलं कुणी असेल किंवा कोठडीतला माणूस असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि हे अजून कितीतरी लोकांना माहीतच नाही. तिथे सुरगाणा, पेठकडून एसटीने आलेली माणसं असतात. पोटगीसाठी आलेली बाई पहिलं वाक्य पोटगीचं बोलत नाही. ती रेशन कार्डावरून नाव कमी झाल्याचं सांगेल, मुलाच्या शाळेच्या दाखल्याचं सांगेल, जाऊबाईचं सांगेल, आणि तुला वाटेल ही विषय सोडून बोलतेय. बोलू दे तिला. रेशन कार्डावरून नाव कुणी आणि कधी काढलं यातूनच तिला घराबाहेर कधी काढलं ते कळतं. तारीख आठवत नसेल तर तारीख विचारत बसू नकोस, भाताची लावणी झाली होती का, डोंगऱ्यादेवाचा उत्सव झाला होता का असं विचार, मग कॅलेंडर काढून महिना धर. तिची बोली कळली नाही तर मान डोलावू नकोस, परत विचार, ती रागावत नाही. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं पोटगीचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, आणि सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाप्रमाणे द्यावं लागणारं उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र, त्याचा कच्चा मसुदा वकिलांच्या देखरेखीखाली तूच कर. नवरा सातपूरला कंपनीत आहे म्हणते, कायम आहे की कंत्राटी, पगार बँकेत येतो की हातात, गावी जमीन कुणाच्या नावावर, हे सगळं त्यात भरायचं असतं आणि त्यासाठी नेमके प्रश्न विचारावे लागतात. पक्षकाराची मुलाखत शिकायला याच्याइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

वकिलांच्या कारकुनांजवळ बस. ते काका म्हणजे चालतंबोलतं कोर्ट असतात, कोर्ट फी किती, वकीलपत्राला तिकीट कुठलं, नकलेचा अर्ज कुठल्या खिडकीवर, समन्सचा भत्ता भरला का, सगळं त्यांना तोंडपाठ. चेक बाऊन्सची केस आली की ते आधी बँकेच्या मेमोची तारीख बघतात, कारण बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला, आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. उशीर झाला तर कोर्टाला विनवण्या करून उशीर माफ करून घ्यावा लागतो. तू ते दिवस त्यांच्यासोबत बोटावर मोजून बघ.

आणि एक, फाइलचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, पक्षकाराचं नाव मैत्रिणीलासुद्धा सांगायचं नाही, घरीही नाही. नाशिक अजून इतकं मोठं झालेलं नाही, पंचवटीत बोललेलं सिडकोत पोचतं. तुझी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, अजून व्हायची आहे, पण त्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं आहे. गाऊन-बँडही सनदेनंतरच, आत्ता साधा पांढरा शर्ट आणि काळा कोट.

सर्टिफिकेट पहिल्या दिवशी मागू नकोस, काम केलंस तर ते आपोआप मिळतं.

पुढच्या आठवड्यात माझ्या एका दाव्यात निशाणी ५ वर युक्तिवाद आहे. तारीख फोनवर कळवते, साडेदहाच्या आत कोर्टाच्या सीबीएस बस स्टँडजवळच्या गेटवर ये. त्याआधी एकदा ऑफिसला येऊन दावा आणि कैफियत दोन्ही वाचून जा, आणि मनाई का द्यावी याचं एक पान, का देऊ नये याचं एक पान, असं स्वतःच्या हाताने मराठीत लिहून आण. दुसरं पान पहिल्यापेक्षा लहान झालं तर कैफियत परत वाच.

तुझी,
मॅडम