आय-९ १४९००एचएक्सचा गेमिंग लॅपटॉप १०० अंशांवर जातो आणि गेम बंद पडतात. प्रोसेसर खराब आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. एक, नागपूरच्या उन्हाळ्यात गेम खेळताना प्रोसेसर ९७ ते १०० अंश दाखवतो. दोन, अनरियल इंजिन (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर) वापरून बनवलेले काही गेम सुरू होतानाच ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असं सांगून बंद पडतात, आणि तेही १२ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड असताना. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या बिघाडाबद्दल वाचल्यामुळे दोन्हींचं मूळ एकच असावं, असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १०० अंश म्हणजे आपोआप बिघाड नव्हे. गेम बंद पडणं मात्र बिघाडच. तो कशातला आहे, ते शोधावं लागेल.

आधी उष्णता. १४९००एचएक्स ही म्हणायला लॅपटॉपची चिप. आत डेस्कटॉपच्या १४९००के मधला सिलिकॉनचा तुकडाच आहे: ८ पी-कोअर (वेगवान), १६ ई-कोअर (कमी वीज खाणारे), कमाल वेग ५.८ गिगाहर्ट्झ. इंटेलने तिची मूळ पॉवर ५५ वॅट आणि टर्बोतली, म्हणजे वेग वाढवलेला असतानाची, कमाल १५७ वॅट दिली आहे. तो तुकडा जेमतेम २५७ चौरस मिलिमीटरचा. एवढ्याशा जागेतून दीडशे वॅट बाहेर काढायचे, आणि तेही बहुतेक वेळा ग्राफिक्स चिपसोबत वाटून घेतलेल्या हीटपाइपांमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून). चिपची तापमानाची मर्यादा १०० अंश आहे (काही कंपन्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ती ९५ वर आणून ठेवतात). ती गाठेपर्यंत चिप वेग वाढवत राहते, गाठली की मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) एकेक पायरी उतरवते. म्हणजे टर्बो मोडमध्ये पूर्ण भार टाकल्यावर १०० दिसणं हे तिच्या रचनेतच आहे.

म्हणून अंशांपेक्षा वॅट बघा. १०० अंश किती वॅटवर येतात, यावरून कूलिंगची तब्येत कळते. एचडब्ल्यूइन्फो (तापमान-वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये उघडा, लॅपटॉप टर्बो मोडवर ठेवा, चार्जर मूळचाच लावा, सिनेबेंच आर२३ (सगळ्या कोअरवर भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. पहिली दोन मिनिटं गेली की एचडब्ल्यूइन्फोमधलं घड्याळाचं बटण दाबून आकडे शून्यावर आणा आणि शेवटी ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची सरासरी वाचा. जाड, १६ ते १८ इंची लॅपटॉपमध्ये ११० ते १३० वॅटवर १०० अंश येत असतील तर कूलिंग ठणठणीत आहे. ९० च्या आसपास येत असतील तर खोली गरम आहे किंवा लॅपटॉप पातळ आहे. ६०-७० वॅटवरच चिप १०० ला टेकत असेल, तर धूळ, किंवा चिप आणि हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) यांच्यामधली सुकलेली पेस्ट, किंवा पेस्टऐवजी घातलेलं पण सरकलेलं लिक्विड मेटल (पातळ धातू) यांपैकी काहीतरी आहे. हे कंपनीचे अधिकृत आकडे नाहीत, माझे ठोकताळे आहेत. पण त्यावर निर्णय घेता येतो.

त्याच चाचणीत आठही पी-कोअरचे आकडे शेजारी ठेवून बघा. सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड पी-कोअरमध्ये ५ ते १० अंशांचा फरक नेहमीचा. १५-२० अंशांचा असेल तर हीटसिंक नीट बसलेला नाही किंवा लिक्विड मेटल एका बाजूला वाहून गेलंय. अशा वेळी सॉफ्टवेअरने काहीही सुधारत नाही.

गेममधल्या आकड्यांची गोष्ट जरा निराळी. तिथे एकूण पॉवर ५०-६० वॅटच असते, पण एक-दोन कोअर ५.५-५.८ गिगाहर्ट्झवर जातात. त्या वेगासाठी १.४ व्होल्टच्या आसपास लागतं, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढा एक कोअर क्षणभर ९८ ला शिवून परत येतो. एचडब्ल्यूइन्फोच्या ‘मॅक्सिमम’ रकान्यात तोच क्षण कायमचा छापला जातो आणि माणूस घाबरतो. ‘अ‍ॅव्हरेज’ रकाना ८०-८८ असेल तर झोप उडवून घेऊ नका.

खोलीचं तापमान १ अंशाने वाढलं की चिपचं साधारण तेवढंच वाढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ८५ वर चालणारा लॅपटॉप मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत मर्यादेला टेकणारच. कूलर लावत असाल तर हवा थंड होते खरी, पण कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर येईल असं ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे तुषार असू शकतात.

यावरचा सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात पटणारा उपाय म्हणजे पॉवरला लगाम. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कस्टम’ किंवा ‘मॅन्युअल’ मोड असेल तर तिथे, नसेल तर थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरच्या टीपीएल खिडकीत, पीएल१ (सततच्या पॉवरची मर्यादा) ६५ वॅट आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) ९० वॅट करा. तुमच्या ४०८० वर २५६० बाय १६०० मध्ये गेम बहुतेक वेळा ग्राफिक्स चिपवर अडतो, त्यामुळे फ्रेम फारशा कमी होत नाहीत. उलट काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसरने सोडलेली उष्णतेची जागा ग्राफिक्सला मिळते आणि आकडा थोडा वाढतो. व्हिडिओ रेंडर किंवा कोड कंपाइल करायचा असेल तेव्हा वेगळं प्रोफाइल ठेवा, पीएल१ १०० च्या पुढे.

दुसरा उपाय अंडरव्होल्टचा, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करण्याचा, पण तो गेम बंद पडण्याचा प्रश्न सुटल्यावरच. एचएक्स चिपमध्ये तो शक्य असतो, मात्र २०१९ च्या प्लंडरव्होल्ट प्रकरणानंतर (व्होल्टेज बदलून सुरक्षा भेदण्याचा हल्ला) अनेक कंपन्यांनी बायोसमध्ये तो बंद ठेवलाय. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर खिडकीत ‘लॉक्ड’ दिसलं तर बायोसमध्ये ‘अंडरव्होल्ट प्रोटेक्शन’ शोधा. विंडोजची ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू असेल तरीही बदल लागू होत नाही. ती बंद करणं म्हणजे सुरक्षेचा एक थर काढणं, हे समजून करा. ‘सीपीयू कोअर’ आणि ‘पी कॅश’ दोन्हींना सारखाच आकडा द्या, सुरुवात उणे ५० मिलिव्होल्टपासून, मग १०-१० ने खाली. बऱ्याच चिप उणे ८० च्या आसपास टिकतात. दुसऱ्याने उणे १५० लिहिलंय म्हणून तुमची टिकेल असं नाही.

लॅपटॉप बराच काळ वापरात असेल आणि चाचणीतला वॅटचा आकडा घसरलाच असेल तर आधी धूळ. पंखा आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या जिथे मिळतात, त्या फटीत कापसासारखा थर साचतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, मागचं झाकण काढावं लागतं. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. साधी पेस्ट या चिपवर काही महिन्यांत कडेला ढकलली जाते, कारण सिलिकॉनवर झाकण नसतं आणि तापताना-निवताना ते वाकतं. मी पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची (तापल्यावर मऊ होणाऱ्या पदार्थाची) ०.२५ मिमी शीट सुचवीन. बॅटरीची पिन काढा, स्क्रूंवर लिहिलेल्या क्रमाने हीटसिंक उघडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शीट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे प्लास्टिक न फाटता सुटतं. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणून खरा परिणाम चार-पाचदा तापून थंड झाल्यावर दिसतो. बाजारात नकली शीट भरपूर आहेत. कंपनीने लिक्विड मेटल घातलं असेल तर मात्र घरी किंवा गल्लीतल्या दुकानात उघडू नका. त्यातलं गॅलियम विजेचं वाहक आहे आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. एक थेंब बोर्डावर सांडला तर बोर्ड जाऊ शकतो.

एक गोंधळ टाळा: वेग अचानक ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर अडकतो आणि तापमान ६५-७० च असतं, तर प्रोसेसर तापलेला नाही. तो बीडी प्रॉकहॉटचा, म्हणजे बोर्डाने प्रोसेसरला वेग उतरवायला सांगणारा, इशारा असतो. बोर्डावरचे व्होल्टेज देणारे भाग तापलेत, नाहीतर चार्जर ओळखला जात नाहीये. १०० वॅटचा टाइप-सी चार्जर लावून गेम खेळणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

आता गेम बंद पडण्याकडे. १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या बिघाडाचं प्रकरण खरं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधलं घड्याळाचा सिग्नल वाहणारं सर्किट झिजतं, आणि मग पूर्वी पुरणारं व्होल्टेज पुरेनासं होतं. त्यासाठी ०एक्स१२५, ०एक्स१२९, ०एक्स१२बी असे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारित संच) आले आणि डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. लॅपटॉपच्या चिपला हा दोष नाही, अशी इंटेलची भूमिका आहे. अल्डेरॉन गेम्स या स्टुडिओने मात्र २०२४ च्या जुलैत लॅपटॉपच्या चिपही बंद पडताना दिसतात असं म्हटलं होतं. या वादात तुम्ही पडू नका. वाढीव वॉरंटी लॅपटॉपला लागू नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुम्हाला दिसणारा संदेश फसवा आहे. अनरियलचा गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्स चिपसाठीचे छोटे प्रोग्राम) उलगडले आणि कंपाइल केले जातात, ते काम प्रोसेसरचं. उलगडताना एखादा बिट चुकला तर पुढे ग्राफिक्सला कचरा मिळतो आणि गेम व्हिडिओ मेमरी संपल्याचं सांगतो. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर दहा वेळा बदलून उपयोग होत नाही. एनव्हिडियाचा इन्स्टॉलरच मध्ये फसणं किंवा सेव्हन-झिपमध्ये (फाइली दाबून ठेवणारं सॉफ्टवेअर) मोठी फाइल तपासताना सीआरसीची, म्हणजे डेटा जुळत नसल्याची, चूक येणं, हीही याच कुळातली लक्षणं.

पण प्रोसेसरवर ठपका ठेवण्याआधी क्रमाने जा. सगळे अंडरव्होल्ट आणि ओव्हरक्लॉक काढा, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला एका बटणाचा ‘ओसी’ मोडसुद्धा. बायोस कंपनीच्या साइटवरून अद्ययावत करा. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) थांबवा, नाहीतर रिकव्हरी की मागत बसेल. रॅम तुम्ही वाढवली आहे का? दोन वेगळ्या कंपन्यांच्या डीडीआर५ स्टिक हे अशा क्रॅशचं फार नेहमीचं कारण आहे. मूळची जोडी लावून बघा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे होऊ द्या. एकही चूक चालत नाही.

मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ उघडून डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी गाळा. क्रमांक १९ म्हणजे प्रोसेसरची दुरुस्त झालेली चूक, १८ म्हणजे न झालेली. दर वेळी एकच एपीआयसी आयडी (कोअरची ओळख सांगणारा क्रमांक) येत असेल तर एकच कोअर कमकुवत आहे. क्रमांक १७ बहुतेकदा पीसीआय-ई जोडणीचा असतो, त्याचा इथे संबंध नाही. कर्नल-पॉवर ४१ एवढंच सांगतो की मशीन अचानक बंद झालं.

यानंतरची चाचणी बहुतेक जण चुकीची करतात. सिनेबेंच तासभर चाललं म्हणून प्रोसेसर पक्का आहे, असं ठरत नाही. सगळे कोअर भरले की चिप १०० अंशांमुळे साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास उतरते आणि तिथे ती आरामात चालते. चूक होते ती एकटा कोअर ५.८ ला चढतो तेव्हा. म्हणून कोअरसायक्लर वापरा. ते एकेका कोअरवर प्राइम९५ ही जड गणिताची चाचणी चालवतं. प्रत्येक पी-कोअरला किमान दहा मिनिटं द्या आणि रात्रभर चालू ठेवा.

शेवटची कसोटी: थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआरमध्ये पी-कोअरचे टर्बो रेशो (५८ म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झ) ५८ वरून सगळे ५३ करा, बाकी काहीही बदलू नका, आणि तेच गेम चालवा. ५३ ला गेम नीट चालतात, ५८ ला पुन्हा बंद पडतात, असं दोन-तीनदा झालं तर चिप जाहीर केलेला वेग पेलत नाही. हा तात्पुरता उपायही आहे, गेममधला फरक जाणवणारही नाही. पण त्यावर समाधान मानून वॉरंटी संपू देऊ नका. ही चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, ग्राफिक्सही त्याच बोर्डावर. वॉरंटीबाहेर गेल्यावर पूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जातो.

सर्व्हिस सेंटरला ‘गरम होतो’ असं लिहून देऊ नका. ते पंखे साफ करून परत देतील, आणि त्यांची निदान चाचणी सगळे कोअर एकदम चालवणारी असेल तर ती उत्तीर्णही होईल. तक्रारीत लिहा: मूळ सेटिंगवर अमुक गेम शेडर कंपाइल करताना बंद पडतो, अमुक कोअर कोअरसायक्लरमध्ये चुकतो, रेशो ५३ केल्यावर चुकत नाही. सोबत डब्ल्यूएचईएच्या नोंदींची फाइल आणि बायोसची आवृत्ती जोडा, आणि जॉब शीटवर हीच वाक्यं उतरवून घेतल्याशिवाय लॅपटॉप ताब्यात देऊ नका.