डॅलसजवळ किनाऱ्यावरून कॅटफिश पकडायचाय, चौघेही नवखे आहोत. सकाळची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की चौघांपैकी कोणीच आजवर गळ टाकलेला नाही, बोट नाही, जूनमधला एक शनिवार मोकळा आहे आणि दुपारच्या आत घरी परतायचंय. जमेल. बास मासा धरायचा म्हणाला असतात तर इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. बासला शोधत फिरावं लागतं, कॅटफिशला बोलावता येतं. चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके त्याच्या मिशांवर तर असतातच, शिवाय सगळ्या कातडीवर पसरलेले असतात. चॅनल कॅटफिश या जातीत एक लाखाहून जास्त. गढूळ पाण्यात, अंधारात तो वासाचा माग काढत येतो. त्यामुळे पैसे रॉडवर कमी घाला आणि डोकं आमिषावर जास्त लावा.

जागेसाठी लेक टावाकोनी सुचवेन. डॅलसच्या पूर्वेला साधारण 50 मैलांवर, सबाइन नदी अडवून केलेलं हे धरण कॅटफिशसाठीच ओळखलं जातं. तिथल्या स्टेट पार्कच्या किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. टेक्ससमधल्या सगळ्याच स्टेट पार्कना ही सवलत आहे. पार्कच्या हद्दीबाहेर पाय टाकलात की मात्र 17 किंवा त्याहून जास्त वय असलेल्याला लायसन्स हवं. इथे एक गोम आहे: साधं वार्षिक लायसन्स कधीही घ्या, ते 31 ऑगस्टला संपतं. जूनमध्ये घेतलं तर जेमतेम तीन महिने पदरात पडतात. एकाच सकाळीपुरतं जायचं असेल तर एक दिवसाचं घ्या, नाहीतर खरेदीच्या तारखेपासून वर्षभर चालणारं. टेक्ससमध्ये येऊन सहा महिने झाले नसतील तर तुम्ही परराज्यातले धरले जाता आणि दर बराच चढा लागतो. जूनच्या पहिल्या शनिवारी राज्यभर लायसन्स माफ असतं, पण त्या दिवशी किनाऱ्यावर जत्रा असते.

जूनमध्ये सूर्य साधारण 6:20 ला उगवतो आणि उत्तम वेळ त्याच्या आधीच्या अर्ध्या तासापासून पुढे दोन-अडीच तास. पार्कचं फाटक किती वाजता उघडतं ते आधी पाहा. उशिरा उघडत असेल तर आदल्या रात्रीची कॅम्पसाइट घेतलेली परवडते. शनिवारचे दिवसाचे पासही संपतात, ते आधी काढून ठेवा.

मासे जवळ बोलवायला पाण्यात आंबवलेली ज्वारी टाकायची, आता तिच्याकडे येऊ. हो, आपलीच ज्वारी. टेक्ससमध्ये तिला मायलो म्हणतात आणि जनावरांच्या खाद्याच्या दुकानात 50 पौंडांचं पोतं मिळतं. पाच गॅलनच्या बादलीत निम्म्यापर्यंत ज्वारी घ्या (फुगते, म्हणून निम्मीच), वर चार बोटं पाणी येईल इतकं भरा आणि उन्हात चार-पाच दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका. आत गॅस होतो आणि घट्ट झाकण बादली फुगवून उडतं. रोज पाणी बघा, दाणे उघडे पडले तर बुरशी धरते. नीट आंबलेल्या ज्वारीला ताडीसारखा आंबूस, उग्र दर्प येतो. काळी बुरशी आली तर सगळी ज्वारी फेकून द्या. अपार्टमेंटच्या बाल्कनीत हा उद्योग करू नका, शेजारी तक्रार करतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. नेताना मात्र झाकण घट्ट लावून बादली मोठ्या पिशवीत, गाडीत उभी अडकवून न्या. कार्पेटवर सांडली तर ती गाडी विकताना भाव पाडावा लागेल. एवढा खटाटोप नको असेल तर त्याच दुकानातले गुरांच्या खाद्याचे क्यूब (दाबून केलेले तुकडे) घ्या. ते पाण्यात हळूहळू विरघळतात, वास मंद पण जास्त वेळ टिकतो. पाण्यात असं खाद्य टाकायला टेक्ससमध्ये सर्वसाधारण बंदी नाही, तरी पार्कच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या.

खाद्य टाकायचं ते गळ टाकण्याच्या वीस मिनिटं आधी, आणि थोडं. किनाऱ्यापासून 40-50 फुटांवर, एका खोलीएवढ्या जागेत चार-पाच ओंजळी. नंतर दर अर्ध्या तासाने एक ओंजळ. नवखे लोक अर्धी बादली एकदम ओततात. मासे येतात, पोटभर खातात आणि तुमच्या गळाकडे ढुंकून बघत नाहीत.

रॉड सात फुटी, मीडियम-हेवी, त्यावर 4000 साइझचं स्पिनिंग रील आणि 15 ते 20 पौंडांचा तंगूस. दुकानदार ब्रेडेड (विणलेला) दोर गळ्यात मारायला बघेल. पहिल्या खेपेला नको, चौघांचे दोर एकमेकांत अडकले की ब्रेडेडचा गुंता सुटत नाही, कापावा लागतो. जोडणी अशी: तंगुसात आधी एक औंसाचं, मधून भोक असलेलं शिसं ओवा, मग प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल (फिरती कडी) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला 15 इंच तंगूस आणि त्याला गळ. शिसं दोरावर मोकळं सरकतं, त्यामुळे मासा आमिष घेऊन चालू लागला तर त्याला वजन जाणवत नाही. मणी शोभेचा नाही. प्रत्येक फेकीला शिसं गाठीवर आपटतं, तो मार मणी झेलतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घासून तापते, तंगूस तिथे कमजोर होतो आणि नेमका मोठा मासा असताना तुटतो. अशा जोडण्या माणशी चार, घरी बसून बांधून न्या. पहाटेच्या अंधारात, डास चावत असताना गाठी मारायला बसलात की सकाळ तिथेच संपली.

गळ सर्कल हुकच घ्या, 5/0 मापाचा. याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष तोंडात घेऊन वळतो, गळ सरकत तोंडाच्या कोपऱ्यात येतो आणि आपोआप रुततो. यात तुम्ही करायचं काम एकच, काहीही न करणं. रॉडचं टोक थरथरलं की नवखा माणूस जोरात हिसका देतो आणि सर्कल हुक माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येतो. थरथरू द्या. रॉड वाकून तशीच वाकलेली राहिली की उचला आणि हिसका न देता रील फिरवायला लागा. तीन दातांचा गळ आणि 'पंच बेट' नावाचं डब्यातलं दुर्गंधी आमिष वापरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना मासेही भरपूर मिळतात, पण त्यात हिसका द्यावा लागतो. एकाच गटात दोन्ही तऱ्हा ठेवल्या तर सगळ्यांचाच गोंधळ होतो.

आमिषात पहिली पसंती शॅड या माशाच्या तुकड्यांना. लेकमधला कॅटफिश रोज तेच खातो. आमिषाच्या दुकानात गोठवलेला मिळतो. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करा, गळ कातडीच्या बाजूने एकदाच आरपार काढा आणि टोक उघडं ठेवा. तुकडा मोठा घेऊन गळाची पोकळी भरून टाकली तर टोक रुतायला जागाच उरत नाही, मग मासा येतो, ओढतो, सोडून जातो. शॅड न मिळाल्यास कोंबडीच्या छातीचे चौकोनी तुकडे लसूण पावडर आणि स्ट्रॉबेरी कूल-एडमध्ये (सरबताची पावडर) रात्रभर मुरवा. ऐकायला हास्यास्पद आहे, पण इकडे अनेकजण हेच वापरतात आणि ते गळावर घट्ट राहतं. कोंबडीची कलेजी प्रसिद्ध आहे खरी, पण उन्हात लिबलिबीत होऊन फेकतानाच उडते. वापरायचीच तर बर्फात ठेवा आणि शिवणदोऱ्याचे चार वेढे द्या. आमिष कुठलंही असो, वीस मिनिटांनी बदला. धुवून पांढरा पडलेला तुकडा म्हणजे वास गेलेला तुकडा, आणि वास नाही तर मासा नाही.

कुठे टाकायचं? नवख्यांना वाटतं जितकं लांब तितकं चांगलं. जूनच्या पहाटे कॅटफिश तीन ते आठ फूट पाण्यात, किनाऱ्याजवळ चरतो. उन्हाळ्यात खोल लेकमध्ये तळाच्या थंड पाण्यातला प्राणवायू संपत जातो. तिथे आमिष टाकून ठेवणं म्हणजे रिकाम्या घराची बेल वाजवणं. वारा ज्या किनाऱ्यावर येऊन आदळतो तो किनारा निवडा. वाऱ्याबरोबर तरंगतं सूक्ष्म खाद्य तिकडे जमतं, त्यामागे शॅड, त्यामागे कॅटफिश. तोंडावर वारा घेत फेकणं त्रासाचं असतं आणि म्हणून ती जागा बहुधा मोकळीही मिळते. पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की चॅनल कॅटफिश अंडी घालतो, आणि दगडांच्या कपारीत नर ती राखत बसतो. जूनच्या सुरुवातीला हे चालू असेल तर धरणाच्या दगडी उताराच्या पायथ्याशी टाका, उघड्या पाण्यात नाही.

चौघांची मांडणी आधीच ठरवा. माणशी एक रॉड पुरे, दोन रॉडमधलं अंतर दहा फूट. पहिल्या तासात चारही गळ वेगवेगळ्या खोलीवर टाका: एक तीन फुटांत, एक पाचात, असं. ज्या खोलीला दोन मासे लागतील तिथे बाकीच्यांनी यावं. रॉड हातात धरून बसू नका, जमिनीत ठोकायचा होल्डर घ्या. दगडाला टेकवलेली रॉड मासा पाण्यात ओढून नेतो, आणि हे वाटतं त्यापेक्षा खूप वेळा घडतं. रीलचा ड्रॅग (दोर सुटू देणारा ब्रेक) इतका ठेवा की हाताने जोर लावून ओढलं तर दोर करकरत सुटेल. कोणाला मासा लागला की दोन्ही बाजूंच्यांनी आपापले दोर लगेच गुंडाळायचे, फोटो नंतर. गटात मांसाला हात न लावणारा कोणी असेल तर त्याला ज्वारीच्या बादलीवर बसवा, ते काम कमी महत्त्वाचं नाही. स्पीकर घरी ठेवा. कॅटफिशचे कान तीक्ष्ण असतात, किनाऱ्यावर पाय आपटलेलाही त्याला कळतो. आणि खुर्ची टाकण्याआधी जमीन बघा, लाल मुंग्यांची वारुळं गवतात दिसत नाहीत.

मिशा चावत नाहीत आणि टोचतही नाहीत. टोचतात ते तीन काटे: पाठीवरच्या परात एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक. मासा घाबरला की ते ताठ करून अडकवून ठेवतो. लहान माशाचे काटे जास्त धारदार, म्हणून वीतभर मासा जास्त जपून धरा. पोटाखालून हात घाला, अंगठा एका बाजूच्या काट्यामागे आणि बोटं दुसऱ्या बाजूच्या काट्यामागे पक्की बसवा. काट्यावरच्या सौम्य विषाने टोचल्याजागी ठणका लागतो; जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा. काट्याचा तुकडा आत राहिला किंवा हात सुजू लागला तर डॉक्टरकडे जा. गळ काढायला लांब तोंडाची पक्कड हवी. फार खोल गेला असेल आणि मासा सोडायचा असेल तर ओढाताण न करता तंगूस कापा.

ठेवायचा असेल तर आधी ओळख. खोलगट दुभंगलेली शेपटी म्हणजे चॅनल किंवा ब्लू: पोटाखालच्या लांब पराची कड गोलसर असेल तर चॅनल, पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर ब्लू. शेपटी दुभंगलेली नसून खालचा जबडा पुढे आलेला असेल तर फ्लॅटहेड. तो 18 इंचांपेक्षा लहान असला तर सोडावाच लागतो. राज्याचा सर्वसाधारण नियम चॅनल आणि ब्लू मिळून माणशी दिवसाला 25, त्यातले 20 इंच किंवा त्याहून लांब जास्तीत जास्त 10. पण बऱ्याच मोठ्या लेकना वेगळे, कडक आकडे आहेत, तेव्हा आदल्या रात्री टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर त्या लेकचं पान वाचा. खायला दीड ते चार पौंडांचा मासा सर्वात चांगला, त्याहून मोठा सोडून द्यावा असं माझं मत.

मासा बादलीतल्या कोमट पाण्यात तासभर जिवंत ठेवला की मांस मऊ पडतं. कल्ल्याखाली काप देऊन रक्त वाहू द्या आणि लगेच बर्फात घाला. चौघांना 20 पौंडांच्या दोन पिशव्या लागतात. घरी फिले काढताना कातडी काढाच. त्याखाली बाजूने जाणारा तपकिरी-लाल मांसाचा पट्टा दिसेल, तो पूर्ण खरवडून टाका. कॅटफिशला चिखलाचा वास येतो म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा पट्टा तसाच ठेवलेला असतो. मग तुकडे तासभर ताकात, नंतर पुसून हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण, आगळ लावा आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळा. कालवणात टाकणार असाल तर जाड तुकडेच घ्या आणि उकळी आल्यावर डाव घालू नका, मांस मऊ असतं, विस्कटतं. डोकं, आतडी आणि तो लाल पट्टा दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा. जूनमध्ये शनिवारचा असा कचरा मंगळवारपर्यंत गॅरेजमध्ये ठेवला तर ज्वारीच्या बादलीबद्दल गप्प राहिलेले शेजारीसुद्धा दार वाजवतील.