दहावीनंतर कार्यालयीन काम आणि संगणक शिकायचा असेल, तर अकरावीला कोणते विषय घ्यावेत?
महाराष्ट्र राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ आणि ‘माहिती तंत्रज्ञान’ हे विषय घ्यावेत, मात्र टंकलेखन स्वतंत्रपणे शिकावे. पहिल्या विषयात कंपनीच्या चिटणिसाची कर्तव्ये, भाग (शेअर) व कर्जरोख्यांची (डिबेंचर) विक्री आणि सभासदांशी करावयाचा पत्रव्यवहार शिकवला जातो. त्यामुळे मसुदा लिहिण्याचा हात बसतो, पण कळफलकावर बोटे बसत नाहीत. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र मागितले जाते, आणि त्यासाठीची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा बारावीच्या अभ्यासक्रमाचा भाग नाही. माहिती तंत्रज्ञान हा विषय प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात असतोच असे नाही, म्हणून प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी तशी चौकशी करावी.